प्रौढ वयातील स्वमग्नता : एका डॉक्टरचा कौटुंबिक अनुभव

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कार्यकारिणीने आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आम्हास विनंती केली, तेव्हा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार ह्यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ अशी तिची अपेक्षा असावी. गेली पंचवीस वर्षे ब्रिटनमध्ये वैद्यकीय व्यवसाय करताना ह्या रोगांवर बोलण्याचे प्रसंग पुष्कळ आले. आज मात्र आम्ही निवडलेला विषय आमच्याच घरातला आहे. २०२१ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, आम्हास स्वमग्नता, म्हणजे ज्यास सर्वत्र ऑटिझम म्हणतात ती, असल्याचे निदान झाले. त्या वेळी आमच्या विवाहास बावीस वर्षे झाली होती आणि घरात वाढत्या वयाची दोन मुले होती. आपल्यांत ह्याविषयी उघडपणे बोलले जात नाही, म्हणूनच ते बोलावे असे आम्हां उभयतांस वाटले. हे भाषण आमच्या सहचारिणीने आधी वाचले असून दोन ठिकाणी तिने दुरुस्तीही केली आहे.

प्रथम ह्या संज्ञेविषयी थोडेसे. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर ह्यांनी अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेस वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान दिले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर ह्यांनी चार मुलग्यांविषयी लिहिले. वस्तुतः ह्या दोघांच्याही आधी, १९२६ साली, ग्रुन्या सुखारेवा ह्या रशियातील डॉक्टर स्त्रीने सहा मुलग्यांचे असेच वर्णन जर्मन भाषेत प्रसिद्ध केले होते. परंतु ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. त्यानंतरची काही दशके ह्या शास्त्राला फारशी भूषणावह नाहीत. आईच्या थंड वागण्यामुळे मूल असे होते, असे त्या काळात विद्वानही म्हणत. ब्रूनो बेटेलहाइम ह्यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने तर हा समज घरोघर पोहोचविला. किती मातांनी ह्या आरोपाखाली आयुष्य काढले असेल, ह्याची कल्पनाच करावी. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर ह्यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. भिन्न बीजांच्या दहा जोड्यांत अशी एकही नव्हती. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे तेव्हापासून उत्तरोत्तर स्पष्ट होत गेले.

१९८१ साली लंडनच्या लॉर्ना विंग ह्यांनी अॅस्पर्गर ह्यांचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले. लॉर्ना विंग स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. ज्यांना उत्तम बोलता येते, शिकता येते, तरीही माणसांत वावरण्याची रीत ज्यांना इतरांप्रमाणे सहज उमगत नाही, अशांकडे तेव्हापासून लक्ष जाऊ लागले. २०१३ साली अमेरिकन वर्गीकरणाने हे सर्व प्रकार एकाच व्यापक नावाखाली आणले.

आता प्रश्न असा, की पन्नाशी उलटेपर्यंत ही गोष्ट एका डॉक्टरच्या स्वतःच्याच ध्यानात कशी आली नाही? उत्तर सोपे आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा जे मूल बोलते आणि पहिले येते, त्यास काही असेल असे कोणाच्या मनातही येत नसे. आम्ही वैद्यकीय शिक्षण घेतले तेव्हा ह्या विषयाला बालरोगांच्या पुस्तकात जेमतेम अर्धे पान होते. तेही आम्ही पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो.

आमचे धाकटे चिरंजीव नऊ वर्षांचे असताना, २०१७ साली, त्यांच्या शाळेने तपासणी सुचविली. आम्ही स्पष्ट नकार दिला. मुलगा हुशार आहे, थोडा हट्टी आहे, शिस्त लागली की सुधारेल, असे आमचे मत होते. जेवताना तो मान खाली घालून बोले आणि आम्ही दरडावत असू, "माझ्या डोळ्यांत बघून बोल." वर्गातल्या गोंगाटाने तो कान झाकून घेई, तर आम्ही त्याचे हात खाली ओढत असू. अखेर आमच्या सहचारिणीने आम्हास न विचारता शाळेच्या कागदावर सही केली. त्याबद्दल आम्ही तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. आज आम्ही तिचे ऋणी आहोत.

मुलाच्या तपासणीत पालकांना अनेक प्रश्न विचारतात. ठरलेल्या क्रमात बदल झाल्यास तो अस्वस्थ होतो का? विशिष्ट आवाज, कापड, वास सहन होत नाहीत का? एकाच विषयात तासन् तास रमतो का? बोलण्यातली थट्टा शब्दशः घेतो का? आम्ही प्रत्येक वेळी म्हणत होतो, "पण त्यात विशेष ते काय? आम्हीही तसेच आहोत." चौथ्यांदा हे वाक्य उच्चारल्यावर तपासणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवले आणि त्या शांतपणे आमच्याकडे पाहत राहिल्या. आमच्या सहचारिणीनेही पाहिले. त्या खोलीत आम्ही वगळता सर्वांना ती गोष्ट कळून चुकली होती.

आम्ही २०१८ साली आमच्या जी. पी.कडे गेलो. पुढे बोलावणे येण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली. ह्या निदानासाठी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचे छायाचित्र नाही. बालपणाचा तपशीलवार इतिहास, सध्याच्या वागण्याचे निरीक्षण आणि जवळच्या माणसांची साक्ष ह्यांवर ते आधारलेले असते. म्हणून भुसावळला आमच्या मातोश्रींना व्हिडिओ कॉल लावण्यात आला आणि आमची धाकटी बहीण दुभाषी म्हणून बसली.

आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. लहानपणी हा कसा खेळत असे, असे विचारल्यावर मातोश्री म्हणाल्या, "तो खेळायचा कुठे? गाड्यांचे नंबर लिहीत बसायचा. पंजाब मेल, हावडा मेल, कोणती किती उशिरा आली, सगळे वहीत." मग त्यांनी न विचारता आणखी सांगितले. नवा सदरा अंगाला लागला की हा रडायचा, म्हणून त्या तो दोन-तीनदा धुऊन मऊ करीत आणि मगच घालीत. ताटात वरण आणि भाजी एकमेकांना लागली तर हा जेवत नसे. घरात वाट्या दोनच होत्या; त्यांतली एक कायम ह्याची. आमच्या बहिणीला हे इंग्रजीत सांगताना मध्येच थांबावे लागले. दुसऱ्या वाटीत बाकी पाच जणांचे कसे भागत होते, हे तिला ठाऊक होते. आम्हास ते पन्नास वर्षांत कधी सुचले नव्हते.

बंधू-भगिनींनो, ज्या निरक्षर मातेला ह्या अवस्थेचे नाव ठाऊक नव्हते, तिने तिची व्यवस्था मात्र केली होती. आणि ज्या डॉक्टर पित्याला नाव ठाऊक होते, त्याने आपल्या मुलाचे हात कानांवरून खाली ओढले होते.

निदान हाती आल्यावर प्रथम हायसे वाटले. नंतर बरेच दिवस दुःख झाले. मुख्यतः सहचारिणीच्या बाबतीत. २०११ साली तिचे वडील वारले. बातमी येताच दोन तासांत आम्ही तिकिटे, रजा, मुलांची सोय, नागपूरपर्यंतची गाडी असे सर्व ठरविले आणि कागद तिच्या हाती दिले. आपण कर्तव्य चोख बजावले, असे आम्हास वाटत होते. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडत होती, आणि तिच्या शेजारी बसावे हे आम्हास सुचलेच नाही. ह्या गोष्टीचा सल तिने दहा वर्षे मनात ठेवला. निदानानंतर ती म्हणाली, "तुम्हाला माझी पर्वा नाही, असं मी धरून चालले होते. पर्वा होती हे आता कळलं. पण त्या दिवशी मी एकटीच होते, हेही तितकंच खरं." हे दुसरे वाक्य आम्ही आमच्या मूळ मसुद्यातून गाळले होते. तिने ते परत घातले आहे, आणि ते योग्यच आहे. निदान म्हणजे माफीनामा नव्हे, हे आम्ही तिच्याकडून शिकलो.

आता आपल्या समाजाशी संबंधित अशी एक गोष्ट. आमचे गप्प राहणे, नजर टाळणे, घोळक्यापासून दूर राहणे ह्यांचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला. वैद्यकीय महाविद्यालयात एका प्राध्यापकांनी तोंडी परीक्षेत, आमच्या समोरच, "हे सवलतीतून आलेले, ह्यांना आत्मविश्वास कुठून असणार," असे उद्गार काढले. उत्तर आम्हास येत होते. त्यांच्या डोळ्यांत पाहून ते देता येत नव्हते. सुटीत घरी जावे, तर वस्तीतली माणसे म्हणत, "शिकला आणि शिष्ट झाला. आता आपल्यांत बसत नाही." एकाने आमच्यात न्यूनगंड पाहिला, दुसऱ्याने गर्व. ह्यावरून त्या प्राध्यापकांचा जातीय द्वेष खोटा होता, असा अर्थ कोणी काढू नये. तो पुरेपूर खरा होता. परंतु जातीच्या चष्म्यातून पाहणाऱ्यास आमच्यातले दुसरे काहीच दिसणे शक्य नव्हते, आणि आम्हासही आमच्या सर्व अडचणींचे तेच एक स्पष्टीकरण पुरेसे वाटत राहिले. आपल्यांतील अशी किती मुले 'बुजरी' किंवा 'घमेंडी' म्हणून निकालात निघाली असतील, ह्याचा आपण विचार करावा.

काही जण आम्हास म्हणतात, "डॉक्टर, जन्मतः एक शिक्का मिळालाच होता, आता हा दुसरा कशासाठी लावून घेतलात?" त्यांची भावना आम्ही समजू शकतो. परंतु पहिला शिक्का दुसऱ्यांनी आम्हास खाली ठेवण्यासाठी मारला होता; हे निदान आम्ही स्वतःहून मागून घेतले आणि त्याचा उपयोग आमच्या घराला झाला. व्यवसायावर गदा येईल ही भीतीही निराधार ठरली. आता घरी कोणी पाहुणे येणार असतील तर ते आम्हां दोघा बापलेकांना आदल्या दिवशी सांगितले जाते. कामावरून आल्यावर अर्धा तास आमच्याशी कोणी बोलत नाही. मात्र त्यानंतरचा अर्धा तास सहचारिणीचा असतो आणि त्यात आम्ही पेपर वाचत नाही. तिला काय हवे ते ती सूचकपणे न सांगता स्पष्ट सांगते. चिरंजीव आता सतरा वर्षांचे आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत ते कानांवर आवाज रोखणारी साधने लावून चालतात, आणि गेल्या वर्षीपासून आम्हीही लावतो. थोरल्या कन्येची तक्रार मात्र राहिली आहे. भावाच्या आणि वडिलांच्या कलाने घ्यायचे, तर माझ्या कलाने कोणी घ्यायचे, असे ती विचारते. ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी अद्याप नाही.

शेवटी, डॉक्टर ह्या नात्याने थोड्या सूचना. स्वमग्नता हा बरा करावयाचा रोग नाही आणि तो बरा करणारे औषध नाही. शरीरातले धातू काढून टाकण्याच्या नावाखाली चालणारे उपचार करू नयेत. त्यांत धोका आहे. मात्र तिच्यासोबत पुष्कळदा येणारी चिंता, नैराश्य आणि निद्रानाश ह्यांवर उपचार आहेत, ते अवश्य घ्यावेत. लसीमुळे स्वमग्नता होते हा समज खोटा आहे. त्याला जन्म देणारा १९९८ सालचा लेख 'द लॅन्सेट' ह्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला, आणि त्याच वर्षी त्याच्या प्रमुख लेखकाचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. स्वतःविषयी शंका असल्यास जी. पी.ला सांगावे. प्रौढांच्या निदानाविषयी इंग्लंडमध्ये २००९ सालचा ऑटिझम कायदा आहे, आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी मागण्यासाठी २०१० सालच्या समता कायद्याचा आधार घेता येतो. भारतातही २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. निदान नको असेल तर तोही ज्याचा त्याचा अधिकार आहे.

एक विनंती विवाहेच्छुकांच्या पालकांना. स्थळे पाहताना मुलाचे किंवा मुलीचे निदान लपवू नका. लपविल्याने ते नाहीसे होत नाही; त्याचा भार दुसऱ्या घरातून आलेल्या माणसावर पडतो, आणि तो का पडला हेही त्यास कळत नाही. आमच्या घरात हा भार बावीस वर्षे एका स्त्रीने वाहिला.

आजच्या कार्यक्रमानंतर भोजन आहे. सभागृहात गर्दी असेल, आवाज असेल. एखादे मूल कोपऱ्यात पाठ फिरवून बसलेले दिसले, तर त्यास ओढून आणू नका, रागावू नका. त्याचे ताट तिथेच नेऊन द्या. आणि वरण वेगळ्या वाटीत द्या.



जयभीम!