नावाआधी आणि नावानंतर



इंग्रजीत डॉक्टर हा शब्द नावाआधी आला तर मोठ्या अक्षराने लिहितात, नुसता आला तर लहान. आपल्या देवनागरीत अक्षरांना असा लहानमोठेपणा नाही. मान आपण क्रियापदाने देतो: ‘डॉक्टर आला’ नव्हे, ‘डॉक्टर आले’. मग पदवीकडे काम उरते ते माहिती देण्याचे.

आपल्याच जिल्ह्यातल्या सदलग्यात १९०६ साली जन्मलेले आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये पाहा. प्राकृत आणि जैन वाङ्मयाचे हे थोर संशोधक. ‘प्रवचनसार’ त्यांनी १९३५ साली संपादून प्रसिद्ध केले; मुंबई विद्यापीठाची डी.लिट. त्यानंतर, १९३९ साली मिळाली. नावानंतरचे ‘डी.लिट.’ वाचले, की हे डॉक्टर नाडी पाहणारे नव्हेत हे कळते. नुसत्या ‘डॉ.’वरून कळत नाही.

माझ्याही पाटीवर पूर्वी नुसते ‘डॉ.’ होते. एका रात्री छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन घरचे लोक ती पाटी पाहून आले. मी त्यांना तडक बेळगावला धाडले. माणूस वाचला, पण माझ्या दारात गेलेली दहा मिनिटे मला अजून टोचतात. त्याच आठवड्यात पाटीवर ‘बी.एच.एम.एस., होमिओपॅथी’ ठळक रंगवून घेतले.

तेव्हा पत्रिका, स्मरणिका छापताना एवढे करा: नावाआधी ‘डॉ.’ लिहिलेत, तर नावानंतर पदवीही लिहा. ‘श्री. डॉ.’ अशी उतरंड नको. मानाला ‘आले’ पुरेसे आहे.