विजेवरची गाडी आणि गल्लीतली डीपी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी हा विषय माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी त्यांना म्हटले की, हा एखाद्या इंजिनिअरसाहेबांना द्या. माझे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातील पुस्तकांवर आणि वीज कामगारांच्या संगतीत. त्यावर चिटणीस म्हणाले, "वीज कशी वाहते ते इंजिनिअर सांगतील, ती कुठे अडते ते तुम्ही सांगा." हे मला पटले, म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आहे. उद्या घरोघर विजेच्या गाड्या आल्या तर एवढी वीज आणायची कोठून? भारनियमनाचे दिवस पुन्हा यायचे का? शंका रास्त आहे. 2005 नंतरच्या काही वर्षांत आपण मेणबत्तीवर मुलांचे अभ्यास घेतले आहेत. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तर हिंदुस्थानातील वीजजाळे लागोपाठ दोन दिवस कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भागही त्याबरोबर गेला. 12 ऑक्टोबर 2020 रोजी खुद्द मुंबई अंधारात बसली. ज्याने हे पाहिले आहे त्याने नव्या ओझ्याची धास्ती घेतली, तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

तथापि एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. विजेवर चालणारे वाहन आपल्याला नवे नाही. मुंबईत विजेची ट्राम 1907 साली धावली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली आणि आज त्या लोकलवर अर्धी मुंबई पोट भरते. त्या गाड्यांनी वीजजाळे बुडवले नाही. मग आताच भीती का? फरक असा की, ट्राम आणि लोकल तारेला धरून चालतात. त्यांना किती वीज, कोठे आणि कोणत्या वेळी लागणार हे वेळापत्रकावरून आधी कळते. नवी गाडी आपली शिदोरी पोटात बांधून घेते, आणि ती शिदोरी कोठे व केव्हा भरायची हे मालक ठरवतो. त्याचा पत्ता वीज कंपनीला नसतो. पुढच्या साऱ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

आता थोडा हिशेब करू. आकडे धरून चाललेले आहेत. घरी जाऊन कोणीही ताडून पाहावेत. विजेच्या मोटारीला 100 किलोमीटरला अदमासे 15 युनिटे लागतात, स्कूटरला 3. समजा, देशात 1 कोटी मोटारी विजेवर आल्या आणि प्रत्येक वर्षाला 10,000 किलोमीटर चालली. एकीला 1,500 युनिटे, म्हणजे सगळ्यांना मिळून 1,500 कोटी युनिटे. समजा, 10 कोटी स्कूटर आल्या आणि प्रत्येक 6,000 किलोमीटर चालली. एकीला 180, सगळ्यांना 1,800 कोटी. एकूण झाली 3,300 कोटी युनिटे. तारांत आणि चार्जरमध्ये जी वीज वाया जाते ती धरून 4,000 कोटींच्या थोडे वर म्हणा. आणि देशात 2024–25 साली वीज निर्माण झाली ती 1,80,000 कोटी युनिटांच्या आसपास. म्हणजे एवढा मोठा ताफा आला तरी वाढ शेकडा अडीचच्या आतबाहेर! यापेक्षा जास्त वाढ काही काही वर्षी एरवीही होते.

तेव्हा वीज पुरेल का, या प्रश्नाचे पहिले उत्तर, 'सहज पुरेल' असे आहे. ते ऐकून पुष्कळ लोक सभेतून उठून जातात. आपण जरा बसू या, कारण हिशेबाची दुसरी बाजू अजून राहिली आहे.

युनिट म्हणजे विजेचे माप आणि किलोवॉट म्हणजे ती ओढण्याचा वेग. नळाचे उदाहरण घ्या. आळीतल्या सर्वांना दिवसभर पुरेल इतके पाणी टाकीत असते. पण सकाळी सहाला सगळ्यांनी एकदम तोट्या सोडल्या, की शेवटच्या घरात करंगळीएवढीही धार येत नाही. विजेचे तसेच. घरातल्या साध्या प्लगवर मोटार 3.3 किलोवॉट ओढते, स्कूटर पाऊण किलोवॉट. मघाच्या 1 कोटी मोटारी आणि 10 कोटी स्कूटर संध्याकाळी एकाच क्षणी जोडल्या, तर मागणी होईल 33,000 अधिक 75,000, म्हणजे 1,08,000 मेगावॉट. 30 मे 2024 रोजी देशाच्या मागणीने उच्चांक गाठला तो 2,50,000 मेगावॉटचा. त्याचे शेकडा 43 एकट्या गाड्या मागतील! सगळ्या गाड्या एकाच क्षणी कधीच लागणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण यातून एक गोष्ट उघड होते. तीच गाडी आणि तीच युनिटे. वेळ वाटून घेतली तर शेकडा अडीचचे ओझे, आणि एकदम झुंबड केली तर चाळिसाच्या वरचे.

शिवाय तो उच्चांक गाठला गेला दुपारी, सूर्य कामावर हजर असताना. देशातली सौरविजेची क्षमता 2025 च्या आरंभी 1,00,000 मेगावॉटच्या पुढे गेली आहे, आणि भर दुपारी तिचा मोठा आधार असतो. दिवस मावळला की हा कामगार घरी जातो. नेमके त्याच वेळी दिवे, टीव्ही, मिक्सर आणि एसी सुरू होतात, आणि कामावरून आलेला माणूस गाडी लावून प्लग खोचतो. मग ती वीज कोळशातून काढावी लागते, किंवा कोयनेच्या पाण्यातून. कोयनेचे पाणी काही मिनिटांत संच फिरवते हे खरे, पण पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला लवादाने मर्यादा घातलेली आहे. आणि कोळसा म्हणजे चंद्रपूर, कोराडी. आपल्या रस्त्यावरचा धूर उचलून चंद्रपूरच्या माणसाच्या छातीत नेऊन ठेवायचा, याला मी प्रगती म्हणणार नाही.

हे झाले देशाचे. माझ्या माहितीप्रमाणे खरी अडचण याहून पुष्कळ खाली, तुमच्या-माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. तिला आपण डीपी म्हणतो. 11,000 व्होल्टची वीज तेथे उतरवून घरात दिली जाते. वानगीदाखल, 100 घरांना 200 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे असे धरा. त्यातून कामाची वीज मिळते सुमारे 180 किलोवॉट. संध्याकाळी आठ वाजता प्रत्येक घर सरासरीने दीड किलोवॉट ओढते, झाले 150. आता फक्त 15 मोटारी जोडा: 50 किलोवॉट वाढले, बेरीज 200. गाडा अडला. त्याच 15 मोटारी रात्री एकला जोडा. घरांचे ओझे तेव्हा 50 वर आलेले असते. 15 काय, 30 मोटारीही सुखाने भरतील.

ट्रान्सफॉर्मरही दमतो, बरे का. त्याच्या आत तेल असते आणि तारांना कागदाचे वेष्टण असते. त्या कागदाची उष्णता ठरलेल्या मर्यादेपुढे सहा अंशांनी वाढली, की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा त्या शास्त्राचा दंडक आहे. आजवर त्याला रात्री निवायला वेळ मिळत असे. रात्रभर गाड्या भरू लागल्या तर ती विश्रांतीही जाईल, हे रात्रीचा सल्ला देणाऱ्यांनी विसरू नये.

एक अनुभव सांगतो. आमच्या वस्तीतल्या आठ रिक्षावाल्यांनी कर्ज काढून विजेच्या रिक्षा घेतल्या. रात्री आठला धंदा आटोपून ते आपापल्या घरून चार्जिंग लावीत. थोड्याच दिवसांत डीपीचा फ्यूज रोज उडू लागला. गल्लीतले लोक रिक्षावाल्यांवर धावून गेले, आणि रिक्षावाल्यांनी, वीज कंपनी मुद्दाम छळते, असा ओरडा केला. ज्या रात्री गाडी भरली नाही, तिच्या दुसऱ्या दिवशीची कमाई बुडाली, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. प्रकरण हातघाईवर आले तेव्हा दोन्ही पक्ष युनियनच्या कचेरीत आले. मी एका जुन्या लाइनमनला बोलावले. निवृत्त माणूस, पण हातातला टाँगटेस्टर काही सुटलेला नव्हता. त्याने अर्ध्या तासात दुखणे शोधले. डीपी होती 63 केव्हीएची, म्हणजे एका फेजला 88 अँपिअरपर्यंत झेपणारी. आणि आठही घरे होती एकाच फेजवर! एकेक रिक्षा 2 किलोवॉट ओढते. आठांचे मिळून 70 अँपिअर, शिवाय घरांचे. बाकीच्या दोन फेज निवांत होत्या.

रीतसर अर्ज करून चार घरे दुसऱ्या फेजांवर नेली. आणि आम्ही गिरणीत करतो तेच केले, पाळ्या लावल्या. चार रिक्षा रात्री अकरा ते तीन, चार रिक्षा तीन ते सात. तीन वाजता उठून प्लग बदलायला वस्तीच्या रखवालदाराला महिन्याकाठी वर्गणी ठरवली. नवा ट्रान्सफॉर्मर नाही, नवी तार नाही. फ्यूज उडणे थांबले, आणि भांडणही. वीजजाळ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्या रात्री मिळाले.

उरलेले निम्मे उत्तर दिवसा आहे. रोज 30 किलोमीटर ये-जा करणाऱ्या कामगाराच्या स्कूटरला दिवसाला एक युनिट पुरते. ती स्कूटर कारखान्याच्या शेडमध्ये आठ तास नुसती उभी असते, आणि तेव्हा सूर्य तळपत असतो. मग चार्जिंगचे प्लग तिथेच का नसावेत? बोनस, महागाईभत्ता आणि उपाहारगृह यांच्याबरोबर हेही कलम आपल्या मागणीपत्रात यावे, असे मी कामगार बंधूंना सुचवतो. मालकाला त्याचा खर्च चहाइतकाही नाही.

सरकारने या दिशेला काही पावले टाकली आहेत. ग्राहकहक्कांच्या नियमांत 2023 साली दुरुस्ती होऊन वेळेप्रमाणे दर आले: उन्हाच्या वेळी स्वस्त, गर्दीच्या वेळी महाग. आपल्या राज्यात जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 पर्यंतच्या वापरावर सवलत लागू करण्यात आली. 2024 च्या दुरुस्तीने गृहसंस्थेतल्या रहिवाशाला चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याची सोय झाली.

येथे मला एक अवघड कबुली द्यायची आहे. स्मार्ट मीटरला आमच्या चळवळीतल्या पुष्कळांचा विरोध आहे, आणि मीही त्या मोर्चांत चाललो आहे. मीटर वाचणाऱ्या माणसाच्या पोटाचे काय, हा आमचा प्रश्न आजही उभा आहे. पण ज्या मीटरला घड्याळ कळत नाही, तो रात्री एकची वीज आणि संध्याकाळी आठची वीज एकाच भावाने मोजणार, आणि माझ्या रिक्षावाल्याला पाळी सांभाळण्याचे फळ मिळणार नाही, हेही खरे आहे. म्हणून माझे मत असे झाले आहे की, मीटर यावा, पण मीटर वाचणाऱ्याला त्याच कंपनीत दुसरे काम देऊन यावा. काम पुष्कळ आहे. प्रत्येक गल्लीत जाऊन फेज तपासणे, ओझे वाटणे, सैल जोड आवळणे यासाठी माणसे लागणार आहेत.

आणि ती माणसे कोणत्या अटींवर लागणार? आज खांबावर चढणारे कितीतरी हात कंत्राटी आहेत. हातमोजे नसताना, लाइन बंद असल्याची खातरजमा नसताना पोरे वर चढतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वीजजाळे म्हणजे तार आणि लोखंड एवढेच आपण धरतो. रात्री दोनला फोन उचलून सायकलवर निघणारा लाइनमन त्यातून वगळला, तर गाड्यांचे ओझे पेलण्याच्या साऱ्या योजना कागदावर राहतील.

शेवटचा प्रश्न पैशाचा. ट्रान्सफॉर्मर मोठा केला की तो खर्च फिरून सर्वांच्या बिलात येतो. ज्याच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा आहे, त्याने बंगल्यातल्या मोटारीसाठी का भरावे? माझे म्हणणे सरळ आहे. ज्याला ऐन गर्दीच्या वेळी घरी जलद चार्जिंग हवे, त्याने त्याचे जादा मोल द्यावे. रिक्षास्टँड आणि बसडेपो येथील तारांचा खर्च मात्र सार्वजनिक पैशातून व्हावा, कारण त्या गाड्यांत सगळे बसतात. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्याच रस्त्याने 1 जून 2022 रोजी विजेची 'शिवाई' धावली. एका बसमध्ये पन्नासाच्या आसपास माणसे जातात, आणि ती डेपोत ठरलेल्या वेळी भरते. ट्राम आणि लोकलचा शिरस्ता तिच्यात पुन्हा सापडतो. वीजजाळ्याला हेच वाहन सर्वांत सोयीचे आहे, हे पुढाऱ्यांना आपण सांगत राहिले पाहिजे.

तेव्हा घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. आपल्या गल्लीची डीपी किती केव्हीएची आहे ते तिच्यावरच्या पाटीवर लांबूनच वाचा. हात लावू नका. आपल्या गृहसंस्थेच्या पुढच्या सभेत चार्जिंगच्या वेळा वाटून घेण्याचा ठराव मांडा, पहिली गाडी येण्यापूर्वी मांडा, भांडण झाल्यावर नव्हे. आणि खांबावर चढलेला मुलगा दिसला, तर त्याच्या हातात मोजे आहेत का ते पाहा. नसतील तर त्याच्या वरिष्ठांना पत्र लिहा. एवढे आपण केले तर वीज पुरेल, अशी माझी खात्री आहे.