पैलतीरावरून दिसणारे शहर



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, नाटक, भाषा, इतिहास या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्या रांगेत एका होमिओपॅथीच्या डॉक्टरने उभे राहून छायाचित्रांवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. माझा अधिकार एवढाच, की दवाखान्याचे दार लावल्यानंतरचा माझा बराचसा वेळ गेली अनेक वर्षे कॅमेऱ्याने घेतला आहे. त्यातही मला ओढ लांबलचक, आडव्या चित्रांची, ज्यांना आपण पॅनोरमा म्हणतो. आजचा विषय समुद्रकाठच्या शहराचा पॅनोरमा आणि तिथली उघड्यावरची कला असा आहे. उदाहरण म्हणून ऑस्ट्रेलियातले सिडनी घेतो. मुलीच्या निमित्ताने ते शहर मला पायी हिंडून पाहता आले. शेवटी आपल्या मांडवीच्या काठावर येतो, कारण मला जे मागायचे आहे ते तिथे आहे.

पॅनोरमा हा शब्द छायाचित्रांपेक्षा जुना आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने एडिंबरो शहर कॅल्टन टेकडीवरून चहूबाजूंनी रंगवले आणि १७८७ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे १७९३ मध्ये लंडनला लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याची खास गोल इमारत उभी राहिली. प्रेक्षकाने मधोमध उभे राहायचे आणि भोवती फिरत्या नजरेने चित्र पाहायचे. ‘पॅन’ म्हणजे सगळे आणि ‘होरामा’ म्हणजे दृश्य. सगळे दृश्य. या ‘सगळे’वर आपल्याला पुन्हा यायचे आहे, तो शब्द लक्षात असू द्या.

आता सिडनी. बर्नहार्ट होल्टरमन हा जर्मन तरुण १८५८ मध्ये तिथे पोचला. पुढे हिल एंड या गावी तो सोन्याच्या खाणीत भागीदार झाला. १८७२ च्या ऑक्टोबरात त्या खाणीतून सोने भरलेला दगडाचा एक प्रचंड तुकडा निघाला, वजन २८६ किलो. होल्टरमन रातोरात प्रसिद्ध झाला. त्या तुकड्यावर हात ठेवून तो उभा आहे, असे त्याचे छायाचित्र फार गाजले. गंमत अशी, की ते वेगवेगळ्या काचा जोडून बनवलेले आहे. फोटोतली लबाडी मोबाइलने आणली असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. माझ्या व्यवसायाशी संबंधित अजून एक गोष्ट सांगतो. हा गृहस्थ जीवरक्षक थेंब या नावाने स्वतःचे औषधही विकत असे. त्याच्या गुणाबद्दल मी काही बोलणार नाही. होल्टरमन स्वतः मात्र १८८५ मध्ये आपल्या सत्तेचाळिसाव्या वाढदिवसालाच वारला.

पैसा आल्यावर त्याने सिडनीच्या खाडीच्या उत्तर काठावर, लॅव्हेंडर बे येथे घर बांधले आणि त्याला मनोरा जोडला. शहर दक्षिण काठावर होते. १८७५ मध्ये या मनोऱ्यावरून चार्ल्स बेलिस या पंचविशीतल्या छायाचित्रकाराने समोरच्या शहराचा पॅनोरमा टिपला. त्याचे २३ तुकडे आहेत आणि ते एकापुढे एक जोडले की लांबी जवळजवळ दहा मीटर भरते.

हे काम किती जिकिरीचे होते, ते आजच्या माणसाला सांगावे लागते. तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतायचे, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत आणून धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. त्यात ऑस्ट्रेलियाचे ऊन. एक काच बिघडली की मालिकेत भगदाड. बेलिसने तिथेच आणखी एक साहस केले. मनोऱ्यातली खोलीच त्याने कॅमेरा बनवली आणि सुमारे पाच फूट लांब व तीन फूट रुंद काचांवर शहर उतरवले. एकोणिसाव्या शतकातली ही सर्वांत मोठी ओल्या काचेची निगेटिव्हे मानली जातात. हा पॅनोरमा १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या आणि १८७८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि दोन्ही ठिकाणी त्याला पदके मिळाली.

चित्रात काय दिसते? अगदी जवळ उत्तर काठावरची छपरे आणि परसबागा. मग पाणी आणि त्यावर जहाजे. पलीकडे गोदामे, चर्चचे मनोरे, टेकडीवर चढत गेलेली घरे. ज्या दोन गोष्टींवरून आपण आज सिडनी ओळखतो, त्या दोन्ही त्यात नाहीत. लोखंडी कमानीचा पूल १९३२ मध्ये झाला आणि ऑपेरा हाउस १९७३ मध्ये उघडले. ऑपेरा हाउसच्या जागी तेव्हा एक लहान किल्ला होता. म्हणजे ज्या दिवशी हे चित्र काढले, त्या दिवशी त्यात जतन करण्याजोगे असे विशेष काही नव्हते. ते नेहमीचे शहर होते. चित्राचे मोल पुढच्या बदलांनी वाढवले.

होल्टरमनने हा खर्च का केला असेल? युरोपातल्या लोकांना हा देश दाखवावा, त्यांनी इकडे यावे, हा त्याचा उघड हेतू होता. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या माणसाने शहर एका चित्रात धरायचा ध्यास घेतला, तो त्या शहरात जन्मलेला नव्हता. तो बाहेरून आला होता आणि राहतही होता पलीकडच्या काठावर. शहराच्या मध्यभागी राहणाऱ्याला आपली गल्ली दिसते, समोरचे दुकान दिसते. शहराचा पूर्ण चेहरा दिसायला थोडे दूर, पाण्यापलीकडे उभे राहावे लागते. आपल्यापैकी अनेकांची घराणी पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदत आहेत. कोणी इथलेच, कोणी माझ्यासारखे बेळगावाकडून घाट उतरून आलेले. ‘तुम्ही नक्की कुठले?’ हा प्रश्न आपल्याला सवयीचा आहे. त्याचे ओझे वाटते हे खरे. पण पैलतीरावर उभे असण्याचा हा फायदाही आहे, आणि तो आपण पुरेसा घेतलेला नाही, असे माझे म्हणणे आहे.

आता त्या ‘सगळे दृश्य’कडे वळू. पॅनोरमात सगळे येते का? मी ज्या घरात वाढलो तिथे अनेकांतवाद लहानपणीच कानावर पडतो. वस्तूला अनेक अंगे असतात आणि आपले प्रत्येक विधान एका विशिष्ट दृष्टीने, म्हणजे एका नयाने केलेले असते. पॅनोरमा पाहताना लोक म्हणतात, हाच तो अनेकांत! मला तसे वाटत नाही. पूर्ण वर्तुळ फिरून काढलेले चित्रसुद्धा एकाच ठिकाणी उभे राहून काढलेले असते. रुंदी वाढली म्हणून नय बदलत नाही. होल्टरमनच्या मनोऱ्यावरून जे दिसते ते मनोरा बांधू शकणाऱ्याचे सिडनी आहे. त्या काठावर पूर्वी कॅमरेगल लोक राहत आणि समोर गॅडिगल. १७८९ मध्ये तिथे देवीची साथ आली आणि या मूळ रहिवाशांतली कितीतरी माणसे तिने नेली. दहा मीटर लांबीच्या चित्रात त्यांची वस्ती शोधून सापडत नाही. ऑपेरा हाउस ज्या जमिनीवर आहे तिला बेनेलाँग पॉइंट म्हणतात. बेनेलाँग हा त्यांच्यातलाच एक माणूस. नाव उरले आहे.

त्या लोकांची खूण पाहायची तर पॅनोरमा सोडून खाली जमिनीकडे पाहावे लागते. सिडनीच्या वालुकाश्मावर त्यांनी मासे, देवमासे, माणसे कोरलेली आहेत. बाँडीच्या उत्तरेला समुद्राकडेच्या कड्यावर, आज जिथे गोल्फचे मैदान आहे, तिथे अशी कोरीव चित्रे आहेत. रेषा झिजल्या म्हणून मधल्या काळात त्या पुन्हा खोदल्या गेल्या. भर दुपारी तिथे गेलात तर नुसता खडक दिसेल. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना, प्रत्येक खोबणीत सावली बसते आणि मासा एकदम उठून दिसतो. त्वचेवरची बारीक सूज पाहायची असली की आम्ही डॉक्टर दिवा समोरून न धरता बाजूने धरतो, तोच हा न्याय.

याच किनाऱ्यावर, बाँडीपासून टॅमरामापर्यंतच्या सुमारे दोन किलोमीटरच्या वाटेवर, १९९७ पासून ‘स्कल्प्चर बाय द सी’ हे शिल्पप्रदर्शन भरत आले आहे. डेव्हिड हँडली यांनी ते सुरू केले. कड्यावर, वाळूत, खडकांच्या सपाटीवर शंभरएक शिल्पे मांडतात. तिकीट नाही. लोक पोहून आलेले, कुत्र्याला फिरवणारे, बाबागाडी ढकलणारे. शिल्पाला भिंत नाही. त्याच्या मागे आकाश आहे आणि ते तासातासाला बदलते. आपल्याकडे उघड्यावरच्या शिल्पाची कल्पना नवी नाही. श्रवणबेळगोळचा सत्तावन्न फुटी बाहुबली हजारहून अधिक वर्षे ऊन-पाऊस अंगावर घेत उभा आहे, तो छपराखाली असता तर त्याचा अर्थच बदलला असता.

मोबाइलचा पॅनोरमा वापरून अशी शिल्पे टिपणाऱ्यांची तिथे गर्दी असते, आणि बहुतेकांची चित्रे फसतात. कारण समजून घेण्यासारखे आहे. डोळ्यासमोर पेन धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. पेन इकडून तिकडे उडी मारते, दूरची भिंत हलत नाही. कॅमेरा फिरवताना त्याची जागा सरकली की हेच घडते : दूरचे क्षितिज नीट जुळते, जवळचे शिल्प मात्र तुटते किंवा दुप्पट होते. म्हणून हात लांब करून स्वतःभोवती गिरकी घेऊ नये. फोन उभा धरावा, तो जागच्या जागी राहील असे पाहावे आणि आपण त्याच्याभोवती सरकावे. क्षितिजाची रेषा वरखाली होऊ देऊ नये. समोरचा सरळ बांध चित्रात धनुष्यासारखा वाकतो. तो दोष तुमचा नाही, गोल दृश्य सपाट कागदावर पसरल्याचा आहे. आणखी एक : पॅनोरमाचे डावे टोक आणि उजवे टोक एकाच क्षणाचे नसते. पूर्वी शाळेचे लांब फोटो फिरत्या कॅमेऱ्याने काढत, तेव्हा एखादा वात्रट मुलगा मागून पळत जाऊन दोन्ही टोकांना हजर राही, असे किस्से सांगतात. पॅनोरमात जागा जोडलेली असते, तशी वेळही जोडलेली असते.

यातून मला एवढे कळले, की पॅनोरमा आणि शिल्प ही एकमेकांची उणीव भरून काढतात. पॅनोरमात आपण एका जागी उभे राहून सर्वत्र पाहतो. शिल्पाच्या बाबतीत सगळीकडून फिरून एकाच वस्तूकडे पाहतो. शहर समजायला दोन्ही लागते. रोग्याची हकीकत घेतानाही तसेच असते : एक खुर्चीत बसून केलेले सबंध निरीक्षण, आणि एक दुखऱ्या जागेभोवती फिरून विचारलेले प्रश्न.

आता मांडवीकाठी येऊ. आपला मनोरा म्हणजे रेइश मागुशचा किल्ला. तिथून पलीकडे पणजी अशी पसरलेली दिसते, की लॅव्हेंडर बेची आठवण व्हावी. खाली आदिलशहाचा राजवाडा, म्हणजे जुने सचिवालय. त्याच्या शेजारी आबे फारियांचा पुतळा. तो मात्र पैलतीरावरून दिसत नाही, तिथे जाऊन भोवती फिरावे लागते. १९४५ चा हा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराचा. संमोहनाचा पाया घालणाऱ्या या कांदोळीच्या माणसासमोर कोसळणारी स्त्री समोरून वेगळी दिसते आणि बाजूने वेगळी. रोज शेकडो लोक तिथून जातात, थांबणारे थोडे.

हे दृश्यही झपाट्याने बदलते आहे. मांडवीवरचा जुना पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. २०१९ मध्ये अटल सेतूचे मनोरे आणि तारा आकाशात आल्या. पाण्यात कॅसिनोची जहाजे नांगरून आहेत. काही बदल चांगले, काही नाहीत, तो वाद आज नको. प्रश्न असा आहे, की १९८६ च्या आदल्या महिन्यातली ही नदीकाठची पूर्ण रांग आपल्यापैकी कोणाच्या घरी आहे?

असेलही. होल्टरमनच्या काचांचे काय झाले पाहा. त्याच्या संग्रहातली सुमारे ३,५०० निगेटिव्हे १९५१ मध्ये सिडनीच्या चॅट्सवुड भागात, कुटुंबातल्याच एका घराच्या बागेतल्या खोपीत सापडली. साठ-सत्तर वर्षे ती कोणाला नको होती. आज ती न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयात आहेत. आपल्या माळ्यांवरही ट्रंका आहेत. आजोबांच्या लग्नाच्या फोटोत मागे दिसणारा धक्का, फेरीबोट, पाडलेले घर, हे सगळे कोणीतरी फेकून देण्यापूर्वी पाहून घ्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने साल आणि ठिकाण लिहा.

आणि संस्थेला माझी विनंती आहे. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, किल्ल्यावरच्या एकाच दगडाशेजारी उभे राहून पणजीचा एक पॅनोरमा काढावा. त्याखाली डावीकडून उजवीकडे इमारतींची नावे मराठीत छापावीत. सोबत शहरातल्या एका पुतळ्याची चारही बाजूंनी चार चित्रे जोडावीत. एक जागा शहरासाठी, चार जागा एका वस्तूसाठी. खर्च नगण्य आहे, शिस्त मात्र लागेल. बेळगाव, बडोदे, इंदूर इथल्या संस्थांना समुद्र नाही, पण उंच गच्ची प्रत्येक गावात असते. पहिल्या वर्षी त्या चित्रात विशेष काही दिसणार नाही, हे मी आताच सांगून ठेवतो. विसाव्या वर्षी ज्यांना ते दिसेल, त्यांच्यासाठी हे करायचे आहे.