मुलाखतीच्या खोलीतील पलीकडची खुर्ची

(मुखेड येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



१९८१ साली पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली आणि त्याच वर्षी नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. या योगायोगाला फार अर्थ नाही. पण आपल्या जिल्ह्यात अभियंते घडू लागले, त्याला चार दशके उलटली, हे ध्यानात असावे. तरीही मुखेड-कंधारकडचा मुलगा हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत शिरताना आजही अंग चोरून शिरतो.

मीही तसाच शिरलो होतो. लेखी परीक्षा उत्तम झाली होती. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, स्वतःविषयी सांगा. इंग्रजीतील पाठ केलेली चार वाक्ये संपली आणि माझा घसा कोरडा पडला. पुढे तांत्रिक प्रश्न आलाच नाही. त्या कंपनीचे नाव सांगण्यात हशील नाही.

पुढे अनेक वर्षांनी मी पलीकडच्या खुर्चीवर बसलो. समोर मराठवाड्यातील एक मुलगी होती. ‘लिंक्ड लिस्ट’मध्ये चक्र आहे की नाही, हे कसे ओळखाल, असे मी विचारले. ती इंग्रजीत अडखळू लागली, तेव्हा मी म्हणालो, “ताई, मराठीत सांगा.” ती क्षणभर बावरली आणि मग म्हणाली, “सर, एकाच वाटेवर एक माणूस चालत निघाला नि दुसरा दुप्पट वेगाने. वाट सरळ असेल तर वेगवान माणूस तिचा शेवट गाठेल. वाट गोल फिरत असेल, तर तो कधीतरी चालणाऱ्याला मागून येऊन गाठेलच.” फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत ती हीच! मग तिने कागदावर आज्ञावली लिहिली, तीही निर्दोष.

तिची निवड मात्र झाली नाही. माझे सहकारी म्हणाले, परदेशी ग्राहकाशी रोज बोलायचे आहे, ते कसे जमणार? मी वाद घातला आणि हरलो. आज प्रामाणिकपणे सांगतो, त्यांचा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. अन्याय एवढाच, की सहा महिन्यांत शिकता येणाऱ्या गोष्टीसाठी, सहा महिन्यांत न येणारी बुद्धी परत पाठवली गेली.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२पासून मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास अनुमती दिली, याचा मला आनंद आहे. परंतु मुलाखतीची खोली अजून इंग्रजीच बोलते. तेव्हा विचार मराठीत पक्का करा आणि तोच इंग्रजीत मोठ्याने सांगण्याचा रोज सराव करा. आरशासमोर नको, माणसासमोर करा. स्वतःच्या प्रकल्पातील प्रत्येक ओळ स्वतः लिहा. उसना प्रकल्प दुसऱ्याच प्रश्नात उघडा पडतो. येत नाही ते येत नाही म्हणा. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवा, मग तो कितीही ओळखीचा असो.

माझी पुण्याची गाडी रात्रीची आहे. तोवर येथे दोन खुर्च्या समोरासमोर मांडू. तिसऱ्या रांगेतील, मघापासून खाली पाहत असलेले ते बंधू, या, आपण प्रथम बसा.