मितश्रवण

निसर्गानें मनुष्याच्या डोळ्यांना पापण्या दिल्या आहेत. कानांना मात्र दार दिलेलें नाहीं. पाहणें नकोसें झालें म्हणजे डोळे मिटतां येतात, परंतु ऐकणें थांबवावयाचें तर आवाजच बंद व्हावा लागतो. मिताहाराचा उपदेश मराठी घरांत लहानपणापासून होत आला आहे. मितभाषणाची थोरवीही सुभाषितकारांनीं गाइली आहे. मितश्रवणाचा विचार मात्र फारसा कोणी केला नाहीं. पूर्वीं तो करण्याची गरजही नव्हती; कारण घरांत जें ऐकूं येई तें आपली मर्यादा स्वतःबरोबरच घेऊन येई. आज ती मर्यादा नाहींशी झाली आहे. खिशांतल्या मोबाइलवर प्रत्येकाच्या आवडीचें गाणें, भाषण आणि कथा अहोरात्र हजर असतात. अशा वेळीं, ऐकणाऱ्याची आवड ओळखणारें अ‍ॅप त्याला वेळेवर थांबण्यासही साह्य करूं शकेल काय, हा प्रश्न मोठ्या महत्त्वाचा झाला आहे.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास नागपूरसारखें दुसरें ठिकाण नाहीं. येथील नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. नभोवाणीचा दिवस हा सभांमध्यें विभागलेला असे. सकाळची सभा, दुपारची सभा, रात्रीची सभा. प्रत्येक सभेला आरंभ असे, ठरलेला क्रम असे आणि शेवटही असे. निवेदकानें सभा समाप्त झाल्याचें सांगितलें कीं यंत्रांतून केवळ खरखर ऐकूं येई, आणि घरचा कर्ता पुरुष उठून तें बंद करी. श्रोत्यांच्या आरोग्याचा विचार करून कोणी ही व्यवस्था केली नव्हती. पैसा, माणसें आणि यंत्रसामग्री यांच्या मर्यादेंतून ती निर्माण झाली होती. तथापि तिचा परिणाम हितकर झाला. बातम्यांची वेळ हीच जेवणाची वेळ ठरली. गाण्याच्या मैफलीनंतर दिवा मालवण्याची रीत पडली. शिवाय घरांत यंत्र एकच असल्यामुळें क्रिकेटच्या वर्णनाची वाट पाहणाऱ्या मुलाला आजीचें कीर्तन ऐकावें लागे आणि आजीला क्रिकेट. दोघांनाही त्यांच्या आवडीबाहेरचें थोडें कांहीं रोज पोटांत घालावें लागे.

पुढें नागपूरनेंच रात्रीची मर्यादा ओलांडण्यास हातभार लावला. १८ मे १९८८ रोजीं आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिचे कार्यक्रम दिल्लीहून येत. परंतु ते देशभर पोंचविण्याचें काम नागपूर येथील १००० किलोवॅटचें प्रक्षेपण-यंत्र करी. देशाच्या मध्यावर असलेल्या या शहराचें स्थान त्या कामीं उपयोगीं पडलें. ही वाहिनी रात्रभर बोलत असे. पहारेकरी, रेल्वेचे कामगार, परीक्षेचे विद्यार्थी, आजारी माणसाच्या उशाशीं बसलेले आप्त, अशांना तिची सोबत होई. २०१९ च्या जानेवारींत ती वाहिनी बंद झाली. परंतु तिची एक गोष्ट येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. ती रात्रभर बोलत असली तरी सर्वांशीं एकच बोले. ऐकणारा जागा आहे कीं झोंपला, याचा तिला पत्ता नसे, आणि तो झोंपला म्हणून पुढचा कार्यक्रम बदलतही नसे.

आजच्या अ‍ॅपची रीत याहून अगदीं निराळी आहे. श्रोत्यानें कोणतें गाणें शेवटपर्यंत ऐकलें, कोणतें मध्येंच टाकलें, कोणतें पुन्हां लावलें, याची तें नोंद ठेवतें. त्याच्यासारखीच निवड करणारे दुसरे सहस्रावधि श्रोते कोणते, हें तें शोधून काढतें, आणि त्यांना जें आवडलें तें यालाही पुढें करतें. ही युक्ति मोठी कौशल्याची आहे. तिच्यामुळें अनेकांना विस्मृतींत गेलेले गायक पुन्हां भेटले आणि परदेशीं राहणाऱ्यांच्या कानीं आपल्या भाषेचे शब्द पडले. दोष युक्तींत नाहीं. ती ज्या हेतूसाठीं राबविली जाते त्या हेतूंत आहे. श्रोता किती वेळ ऐकत राहिला, एवढेंच यशाचें माप ठरलें कीं, एक संपतांच दुसरें आपोआप सुरू होणें हें ओघानेंच येतें. मग श्रोता झोंपी गेला तरी तें वाजतच राहतें, आणि त्याच्या निद्रेचीं मिनिटेंही त्याच्या आवडीच्या खातीं जमा होण्याचा संभव असतो. वाचणाऱ्याच्या हातून पुस्तक गळून पडतें. ऐकणाऱ्याच्या कानांतून आवाज आपण होऊन गळत नाहीं.

नागपूरच्या उन्हाळ्यांत ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते. वैशाखाच्या रात्रीं खिडकींत कूलर घरघरत असतो. धरमपेठेंतील एखादा विद्यार्थी इअरफोन लावून पडतो आणि कूलरच्या आवाजावर मात करण्यासाठीं मोबाइलचा आवाज वाढवितो. अर्धा तास ऐकून झोंपावयाचें असें त्यानें मनाशीं ठरविलेलें असतें. दोन वाजतां तो जागाच असतो, किंवा झोंपलेला असून कान मात्र जागे असतात. दुसऱ्या दिवशीं सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर गर्दीच्या कोलाहलांत तोच आवाज आणखी एक पायरी वर चढतो. येथें वेळेची आणि कानांची, अशी दुहेरी हानि होते.

कानांच्या हानीचें गणित शास्त्रज्ञांनीं मांडून ठेवलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सहकार्यानें सुरक्षित श्रवणाचें एक प्रमाण २०१९ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध केलें. त्याप्रमाणें प्रौढ मनुष्यास ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तास ऐकण्यास हरकत नाहीं. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. डेसिबलची वाढ साध्या बेरजेसारखी नसते. आवाज ३ डेसिबलनीं वाढला कीं त्याची शक्ति दुप्पट होते, आणि म्हणून ऐकण्याचा निर्धोक काळ निम्म्यावर येतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला अवघे ५ तास. कानाच्या आंतील सूक्ष्म रोमपेशी एकदां नष्ट झाल्या म्हणजे मनुष्याच्या शरीरांत त्या पुन्हां उगवत नाहींत. कूलरशीं स्पर्धा करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण आठवड्याची शिदोरी दोन रात्रींत संपवीत आहों, याची कल्पनाही नसते.

मग उपाय कोणता? केवळ उपदेशानें सवयी बदलत नाहींत, हें महाराष्ट्रांतील एका जुन्या प्रयोगानें दाखवून दिलें आहे. १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्याच्या पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवें त्यांत होतीं. आठवड्यांतून दोन वेळां अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकंदर २० कार्यक्रम झाले. गांवचीं माणसें ठरल्या वेळीं एकत्र जमत, कार्यक्रम ऐकत, यंत्र बंद करीत आणि ऐकलेल्या गोष्टीवर चर्चा करून गांवांत काय करतां येईल तें ठरवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची तपासणी केली. श्रोतृमंडळ असलेल्या गांवांत लोकांचें ज्ञान चांगलेंच वाढलें. परंतु रेडिओ असून मंडळ नसलेल्या गांवांत ती वाढ फारच थोडी आढळली. तात्पर्य, नुसतें यंत्र असून भागत नाहीं. ठरलेली वेळ, मोजका मजकूर आणि यंत्र बंद केल्यानंतरचा अवकाश, या तिन्हींच्या योगानें ऐकणें अंगीं लागतें.

व्यक्तीच्या आवडीनुसार चालणाऱ्या अ‍ॅपमध्यें हींच तीन तत्त्वें आणतां येतील. त्यासाठीं नवें कांहीं शोधण्याची गरज नाहीं. नभोवाणीची सभा मोबाइलवर परत आणली म्हणजे झालें. अ‍ॅपनें श्रोत्याला निवांत वेळीं विचारावें, कीं ऐकावयाचें कशासाठीं, केव्हां आणि किती वेळ. कोणताही व्रतस्थ मनुष्य आधीं संकल्प सोडतो. मोह समोर उभा राहिल्यावर नव्हे. श्रोत्यानें रात्रीसाठीं ४५ मिनिटें सांगितलीं, तर अ‍ॅपनें त्याची आवड जाणून तेवढीच सभा रचावी: दहा मिनिटें बातम्या, वीस मिनिटें गाणें, पंधरा मिनिटें एखादें भाषण किंवा कथा. तींत एखादी गोष्ट मुद्दाम त्याच्या नेहमींच्या आवडीबाहेरची घालावी, म्हणजे आजीच्या कीर्तनाची उणीव भरून निघेल. सभा संपली कीं समाप्तीचा एखादा मृदु सूर वाजावा आणि पुढें शांतता असावी. आणखी ऐकावयाचें असल्यास श्रोत्यानें स्वतः हात लावून तसें सांगावें. यंत्रानें त्याच्यासाठीं तें ठरवूं नये.

मर्यादा घालतांनाही रसिकता सोडून चालणार नाहीं. विलंबित ख्यालाच्या मध्यावर वेळ संपली म्हणून गाणें तोडणारें यंत्र दुसऱ्याच दिवशीं काढून टाकलें जाईल. म्हणून तुकड्यांची लांबी आधीं मोजून सभा अशी बांधावी कीं शेवट नैसर्गिक वाटेल. उत्तररात्रीं बराच वेळ मोबाइलला कोणाचा स्पर्श झाला नाहीं, तर आवाज हलके हलके उतरवून बंद करावा आणि तो काळ श्रोत्याच्या आवडींत धरूं नये. आवाजाच्या आठवड्याच्या हिशेबाचीही एक साधी रेघ दाखवावी. हा हिशेब अंदाजाचाच राहील. कारण एकाच खुणेवर निरनिराळ्या इअरफोनमधून निरनिराळा आवाज निघतो. परंतु अंदाजही बेसावधपणापेक्षां बरा.

या योजनेवर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत. पहिला असा, कीं एकाकी वृद्धाला, अंधाला किंवा रात्रपाळीच्या कामगाराला आवाज हीच सोबत असते; त्याला मर्यादा कशाला? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच मर्यादेचा आंकडा यंत्रानें ठरवूं नये, श्रोत्यानें ठरवावा. ज्याला आठ तासांची सोबत हवी त्यानें आठ तासांचा संकल्प करावा. संकल्प मोडला तरी यंत्रानें त्याला लाजवूं नये. शिक्षेनें लावलेली सवय शिक्षेबरोबरच जाते. दुसरा आक्षेप खाजगीपणाचा आहे. कोण केव्हां झोंपतो आणि रात्रीं काय ऐकतो ही माहिती मोठी नाजूक असते. ती मोबाइलमध्येंच राहावी, अ‍ॅपच्या मालकाच्या हातीं जाऊं नये आणि श्रोत्यास वाटेल तेव्हां पुसतां यावी, एवढें पथ्य पाळल्यास हा आक्षेप दूर होतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ सालचा कायदा करतांना भारताच्या संसदेनें मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याविरुद्ध तरतूद केली आहे, ती याच चिंतेंतून.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र यंत्ररचनेचा नाहीं, हेतूचा आहे. ज्याचें उत्पन्न श्रोत्याच्या मिनिटांवर अवलंबून आहे, त्या व्यापाऱ्यानें श्रोत्याला थांबावयास कां शिकवावें? यावर उत्तर असें, कीं यशाचें मापच बदललें पाहिजे. श्रोता किती ऐकतो यापेक्षां, तो स्वतः ठरविलेलें किती पाळूं शकतो आणि महिन्याच्या शेवटीं त्याला ऐकल्याचें समाधान आहे कीं पश्चात्ताप, हें मोजावें. समाधानी श्रोता वर्षानुवर्षें टिकतो. थकलेला श्रोता एके दिवशीं सर्वच काढून टाकतो. आणि व्यापाऱ्याला हें पटेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. आकाशवाणीचीं अनेक केंद्रें आज ‘न्यूज ऑन एअर’ या अ‍ॅपवर मोबाइलवर ऐकतां येतात. लोकसेवा हाच जिचा धर्म, त्या संस्थेला जुन्या सभेची ही शिस्त नव्या रूपानें आणण्यास कोणाच्या नफ्याची आडकाठी असूं नये.

धरमपेठेंतील त्या विद्यार्थ्याचा प्रश्न अखेर एवढाच आहे, कीं रात्रीं दोन वाजतां त्याच्या कानांवर सत्ता कोणाची: सायंकाळीं शांतपणें संकल्प करणाऱ्या त्याची, कीं त्याला जागें ठेवण्यांत ज्यांचा लाभ आहे त्यांची? चांगलें अ‍ॅप पहिल्या पक्षाला उभें राहील. जुन्या काळीं सभा समाप्त झाली म्हणजे घरांतलीं माणसें एकमेकांशीं बोलूं लागत, किंवा स्वस्थ झोंपीं जात. ऐकण्याची खरी गोडी ऐकणें संपल्यानंतरच्या त्या शांततेंतही होती. ती शांतता श्रोत्याला परत मिळवून देणें, हेंच या नव्या विद्येचें खरें कौशल्य ठरेल.