रोप जगवायचं तर मुळाशी जिवंत माती हवी
(वनहक्क शिबिरातील बोलणं)

साथींनो,
पाटण-शिराळ्याच्या डोंगरात पाऊस धो धो पडतो, पण दिवाळी सरली की सड्यावरची माती कोरडी होते. माण-जतकडं तर पावसाचीच वानवा. पावसाळ्यात लावलेलं रोप एप्रिलात वाळतं. मग आपल्यालाच ऐकवतात, गावाला जंगल राखता येत नाही.

मुळांभोवती डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. काही जिवाणू चिकट पदार्थ सोडतात. त्यानं माती मुळाला धरून राहते, ओल जास्त दिवस टिकते. पाण्याचा ताण पडला की रोपात इथिलीन वायू वाढून मुळांची वाढ खुंटते. काही जिवाणू तो कमी करतात. करंज, खैर, शिरीष यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम हवेतला नत्र धरतं.

म्हणून ज्या झाडाची बी, त्याच जातीच्या जुन्या, निरोगी झाडाखालची ओंजळभर माती आपण पिशवीत मिसळू. जिवाणू संवर्धकाचं पाकीट आणलं, तर गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियांना चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. त्यात रासायनिक औषध मिसळायचं नाही.

पण जिवाणू पाण्याची जागा घेत नाहीत. आळं, पालापाचोळा, गुरांपासून राखण हे लागणारच. यंदा निम्म्या पिशव्यांत ही माती घालू, निम्म्यांत नको. मे अखेर जगलेली रोपं मोजून ग्रामसभेच्या वहीत लिहू. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ नं सामूहिक वनाचं रक्षण आणि पुनर्निर्माण हा आपला हक्क मानलाय. तो आपण बजावतोय, हे त्या वहीतून दाखवता येईल.

जिंदाबाद!