निर्यातीचे दायित्व आणि न्यायालयाचे दार



परकीय चलन ही राष्ट्राची गरज आहे. म्हणूनच शासन निर्यातदाराला शुल्कसवलत देते. कच्चा माल वा यंत्रसामग्री शुल्काविना आणावयाची आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या मूल्याची निर्यात करावयाची, असा हा व्यवहार. तो दुहेरी वचनाचा आहे. निर्यातदार चुकला तर वाचलेले शुल्क त्याला व्याजासह भरावे लागते. परंतु शासनच वचनाला चुकले तर?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिले. मुंबईच्या वस्त्रोद्योग आयुक्तांनी १९६२ मध्ये लोकरी मालासाठी निर्यात प्रोत्साहन योजना जाहीर केली होती. निर्यातमूल्याइतक्या किमतीचा कच्चा माल आयात करण्याची मुभा तीत होती. अमृतसरच्या इंडो-अफगाण एजन्सीज या पेढीने अफगाणिस्तानात सुमारे ५ लाख ३ हजार रुपयांचा माल पाठविला. हाती मात्र सुमारे १ लाख ९९ हजारांचेच अधिकारपत्र आले. मालाची किंमत फुगविली आहे, असे आयुक्तांचे मत झाले. पण पेढीला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नाही. योजना केवळ प्रशासकीय आहे, ती बंधनकारक नाही, हा केंद्र सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. ज्या आश्वासनावर विसंबून नागरिकाने पैसा घातला, ते शासनाला मर्जीनुसार मोडता येत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

याचा अर्थ न्यायालय हे हिशेबतपासनीस आहे, असा नव्हे. अधिकाऱ्याला अधिकार होता काय, त्याने दुसरी बाजू ऐकली काय, निर्णयाला कारणे दिली काय, एवढेच ते प्रामुख्याने पाहते. लबाडीला तेथे आसरा नाही. सवलतीत आणलेला माल अटी मोडून विकल्याचा आरोप असेल, तर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना चौकशी करता येते, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले.

विदेश व्यापार (विकास व नियमन) अधिनियम, १९९२ अन्वये दंडापूर्वी नोटीस व सुनावणी आवश्यक आहे आणि आदेश हाती पडल्यापासून ४५ दिवसांत अपील करता येते. उद्योजक बंधूंनी हा मार्ग आधी चोखाळावा, निर्यातीची कागदपत्रे जपावीत आणि नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावे. वेळेवर न दिलेले उत्तर पुढे उच्च न्यायालयातही आड येते.

कारखानदाराने दिलेला शब्द आणि शासनाने दिलेला शब्द एकाच तराजूत तोलला जावा, यातच व्यापाराचे आणि राज्यकारभाराचेही हित आहे.